गुलाबी पाणी

ऑक्टोबर संपत आला की आमच्या इथे मिनेसोटात ट्रेलरला झोपवायची वेळ येते. इथले लोक त्याला आरव्ही म्हणतात, आई "तुमची ती चाकांवरची खोली" म्हणते. मे ते सप्टेंबर भटकायचं आणि मग सहा महिने ती बर्फात उभी. मागे आईने फोनवर विचारलं, "अरे, कुलूप लावलं की झालं, त्यात अख्खा शनिवार कशाला घालवतोस?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसलोय.

तसा सगळा घोळ पाण्याचा. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि बंद नळीत त्याला जागा नसते. पहिल्या वर्षी मी टाकी रिकामी केली आणि हात झटकले. एप्रिलमधे पंप सुरू केला तर भिंतीच्या आतून पाणी! बाहेरच्या शॉवरची तोटी तडकली होती. तिथे शॉवर आहे हेच मी विसरलो होतो.

गंमत म्हणजे या गाड्यांच्या पहिल्या मालकांना हा त्रास नव्हता. १९१० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधे पिअर्स-ॲरो कंपनीने 'टूरिंग लँडो' नावाची गाडी मांडली होती. तिच्यात मागच्या सीटचा पलंग व्हायचा, ड्रायव्हरच्या पाठीमागे घडीचं बेसिन होतं, आणि शौचाला चक्क भांडं. ते ओतून दिलं की संपलं. १९१९ मधे फ्लोरिडातल्या टँपाला 'टिन कॅन टूरिस्ट्स' ही मंडळी जमली. त्यांच्यासाठी तर हिवाळा म्हणजेच गाडी बाहेर काढायचा मोसम, दक्षिणेला जायचं! पुढे, विशेषतः पन्नाशीच्या दशकात, टाकी, गीझर, शॉवर, संडास असं सगळं गाडीच्या आत आलं. सोय झाली, पण भिंतीआड नळ्यांचं जाळंही आलं. त्याच जाळ्यात आता दर वर्षी अँटिफ्रीझ भरायचं.

दुसऱ्या वर्षी मी शहाण्यासारखी गुलाबी बाटली आणली. अर्ध्यावर ती संपली. अंधार पडलेला, रात्री पारा उतरणार, दुकान लांब. गॅरेजच्या फळीवर मोटारीच्या रेडिएटरचं हिरवं अँटिफ्रीझ होतं. अँटिफ्रीझ ते अँटिफ्रीझ, म्हणून बूचही उघडलं. सहज लेबल वाचलं... इथिलीन ग्लायकॉल. 'ग्लायकॉल' या शब्दाशी हात थांबला.

१९८६ साली मी ठाण्याला कॉलेजात होतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमधे डायइथिलीन ग्लायकॉल निघालं आणि १४ रुग्ण दगावले. पुढे न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. आमच्या घरी सकाळचा पेपर बाबा मोठ्याने वाचायचे, त्यामुळे तो शब्द कानात राहून गेला होता.

त्या रात्री बूच लावलं आणि वाचत बसलो. हे काही पहिल्यांदा झालेलं नव्हतं. १९३७ मधे अमेरिकेत रासबेरीच्या चवीचं एक सल्फा औषध बाजारात आलं. गोळीची पातळ बाटली करताना ते डायइथिलीन ग्लायकॉलमधे विरघळवलं होतं आणि विषारी आहे का हे कुणी तपासलंच नव्हतं. शंभरावर माणसं गेली, त्यात पुष्कळ मुलं. शिकागो विद्यापीठात ज्यांनी याचा छडा लावला त्यांत फ्रान्सिस केल्सी ही विद्यार्थिनी होती. हीच बाई पुढे थॅलिडोमाइड अमेरिकेत येऊ न देता अडून बसली. त्या मृत्यूंमुळे १९३८ चा कायदा आला आणि औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवणं भाग पडलं.

गुलाबी बाटलीतलं असतं प्रॉपिलीन ग्लायकॉल. नावात भावंडं, स्वभावात जमीन-अस्मान! ते खाण्यात आणि औषधांतही वापरतात. हिरव्या बाटलीतलं मात्र चवीला गोडसर, आणि पोटात गेलं की शरीर त्याचं ऑक्झॅलिक ॲसिड करून मूत्रपिंडं निकामी करतं. मी ते पिण्याच्या नळात ओतणार होतो. एप्रिलमधे त्याच नळाच्या पाण्याने मुलीने दात घासले असते.

२०२५ मधे छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधाने वीसहून जास्त मुलं गेली. कित्येकांना नागपूरच्या दवाखान्यांत आणलं होतं, तिथल्या मावशीचा आवाज फोनवर थरथरत होता. तिथेही पुन्हा तेच डायइथिलीन ग्लायकॉल. दोन दिवस मला त्या फळीकडे बघवेना.

असो. तर आई, शनिवार असा जातो. गीझर आधी गार होऊ द्यायचा, मग रिकामा करून बायपास करायचा, नाहीतर सहा गॅलन गुलाबी पाणी नुसतं त्याच्या पोटात जातं. मग पंपाची नळी बाटलीत घालायची आणि जवळच्या नळापासून एकेक उघडत जायचं, गरम आणि गार दोन्ही, गुलाबी येईपर्यंत. संडासाचा फ्लशसुद्धा. सिंकखालच्या वाकड्या नळीत वरून कपभर. बाटलीवर उणे ५० फॅरनहाइट लिहिलंय म्हणून ते तोवर पातळ राहतं असं नाही. त्याचा आधीच गोळ्यासारखा चिखल होतो, फक्त नळी फुटत नाही. आणि रंगावर जाऊ नका बरं का, मोटारीचं अँटिफ्रीझही हल्ली गुलाबी मिळतं. लेबलच वाचायचं.

बॅटरी तळघरात नेली. भोकांत स्टील वूल कोंबलं, कारण गणपतीच्या वाहनाला आमची गादी फार आवडते.

हिरवी बाटली आता वेगळ्या कपाटात आहे, वर मराठीत 'विष' लिहिलंय. मुलीला वाचता येत नाही म्हणून तिने शेजारी कवटी काढून दिली. काल शेवटी बाहेरचा शॉवर उघडला. आधी हवा फुसफुसली, मग गुलाबी पाणी आलं.