हात तेच, पाटी वेगळी

आजची गोष्ट सुरू होते नवापूर स्टेशनवरच्या त्या बाकापासून. हो, तोच सेल्फीवाला! अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. स्टेशन आधीचं, सीमा नंतरची. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली आणि रेघ थेट फलाटावरून गेली.

समजा, या बाकावरून उठताना कुणाच्या कमरेत उसण भरली. जायचं कुणाकडे? मालिशवाल्याकडे, हाडवैद्याकडे की फिजिओथेरपिस्टकडे?

नवापूरच्या भागातून दर हंगामात माणसं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. कोयता चालवून, मोळ्या उचलून अंग पार मोडून येतं. अशा वेळी अंग चोळून देणारा, मुरगळलेला पाय बघणारा माणूस गावातच असायचा. बाळ-बाळंतिणीला तेल लावणारी बाई तर घरच्यासारखीच. ही विद्या हातातून हातात आली. ना परीक्षा, ना प्रमाणपत्र. गाव ओळखत होतं, मग पाटी कशाला?

दुसरी वाट निघाली मुंबईत, पोलिओमुळे. तेव्हा लस आलेली नव्हती. स्वातंत्र्यचळवळीत काम केलेल्या फातमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तिच्यासाठी दारोदार फिरलेल्या या आईने १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी संस्था उभी केली. लुळ्या पडलेल्या हातापायांना पुन्हा हालचाल शिकवायची, तर शिकलेले हात हवेत. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. म्हणजे हाताच्या कामाला अभ्यासक्रम मिळाला.

पण कायद्याचा कागद? त्याला अर्धं शतक लागलं बघा! महाराष्ट्रात परिषदेचा कायदा २००२ चा, गुजरातचा २०११ चा. म्हणजे आपल्या त्या बाकावर नुसतं सरकून बसलं, तरी परिषद बदलते! देशपातळीवरचा कायदा तर २०२१ मध्ये आला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये असं पत्र काढलं, ते दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. शिकून, नोंदणी करूनही पाटीवर काय लिहायचं, यावरून वाद सुरूच.

शिवाय पेशंट विचारणार, “मालिशच ना? मग एवढे पैसे?” एका बैठकीत बरं वाटलं नाही, की दुसऱ्या दिवशी तो गायब.

तिकडे जुन्या जाणकाराची अडचण उलटी. त्याच्याकडे विश्वास आहे, कागद नाही. अंगाला तेल चोळणं वेगळं; पण ‘मी उपचार करतो’ म्हटलं, की महाराष्ट्राचा १९६१ चा वैद्यक व्यवसायी कायदा विचारतो, नोंदणी कुठंय?

हा नुसता कागदाचा प्रश्न नाहीये. मोडलेल्या हातावर बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या, तर रक्तपुरवठा तुटू शकतो. बोटं थंड पडली, निळी झाली, मुंग्या येऊन बधिर झाली किंवा वेदना वाढतच गेल्या, तर थांबायचं नाही. लगेच दवाखाना. काही तासांत हात वाचतो किंवा जातो.

मग जुन्या हातांना हाकलून द्यायचं का? मला नाही वाटत. सरकारने एकेकाळी गावोगावच्या दायांना प्रशिक्षण दिलं होतं. स्वच्छता कशी ठेवायची, बाईला दवाखान्यात कधी पाठवायचं, हे शिकवलं. तसंच इथे का नको? कुठे हात लावायचा आणि कुठे लावायचा नाही, एवढं जरी शिकवलं, तरी पुष्कळ. आणि फिजिओथेरपिस्टनेही त्या जाणकाराशी ओळख ठेवावी. गावातला माणूस आधी त्याच्याकडेच जातो.

तुमच्या गावात लचक भरली की कोणाकडे जातात? घरातल्या आजीला विचारा. आणि तो जाणकार ‘हे माझं काम नाही, दवाखान्यात ने’ असं कधी म्हणतो, तेही विचारा. असं म्हणणारा भेटला, तर त्याला जपा.

भेटू पुढच्या भागात!