जावा वेब अ‍ॅप्लिकेशन आणि सर्व्हरवरील मूल्ये

डेटाबेसचा पत्ता, त्याचा पासवर्ड, फाइली साठवण्याची जागा ही मूल्ये प्रत्येक सर्व्हरवर निराळी असतात. ती जावा प्रोग्राममध्येच लिहिली, तर चाचणीसाठी उभारलेले अ‍ॅप्लिकेशन थेट ग्राहकांच्या खऱ्या नोंदींना हात घालू शकते. शिवाय वॉर फाइल ज्याच्या हाती पडेल, त्याला पासवर्डही मिळतो. म्हणून मूल्ये सर्व्हरवर ठेवून अ‍ॅप्लिकेशनने ती तेथून वाचावीत, हे उचित.

सर्वांत सरळ मार्ग ऑपरेटिंग सिस्टीमच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा. ते ‘सिस्टम.गेटएन्व्ह’ ही मेथड वाचते. मधल्या काळात बाद ठरवलेली ही मेथड 2004 च्या जावा 5 मध्ये पुन्हा रुजू झाली. घोटाळा बहुधा येथेच होतो. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये दिलेले व्हेरिएबल सेवा म्हणून चालणाऱ्या टॉमकॅटला दिसत नाही, आणि हाती केवळ ‘नल’ येते. ‘कॅटलिना’ स्क्रिप्टने सुरू होणाऱ्या टॉमकॅटसाठी ते ‘बिन’ फोल्डरातील ‘सेटएन्व्ह’ फाइलीत लिहावे व सर्व्हर पुन्हा सुरू करावा. चालू प्रोसेसला बाहेरचा बदल कळत नाही.

‘सिस्टम.गेटप्रॉपर्टी’ने वाचलेली मूल्ये त्या जेव्हीएममधील सर्व अ‍ॅप्लिकेशनना सामाईक असतात. एकाच टॉमकॅटवर अनेक अ‍ॅप्लिकेशन नांदत असतील, तर जेएनडीआय अधिक चोख: ‘कॉन्फ’ फोल्डरात प्रत्येकाच्या नावाची स्वतंत्र कॉन्टेक्स्ट फाइल ठेवावी आणि ‘जावा:कॉम्प/एन्व्ह’ या पत्त्यावरून मूल्य मिळवावे. ‘वेब.एक्सएमएल’मधील पॅरामीटर मात्र वॉर फाइलीतच बंद होतात. पासवर्डची ती जागा नव्हे.