पवनारची ओसरी आणि घरगुती नादयंत्र

नागपूरहून वर्धेकडे येणारा रस्ता वर्धा शहर आठ-दहा किलोमीटरांवर राहिले असता धाम नदी ओलांडतो, आणि त्या पुलाच्या दोन्ही अंगांस जे गाव, जी गढी आणि जो आश्रम दृष्टीस पडतो, त्या पवनारविषयी इतिहासकारांनी व सर्वोदयी लेखकांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. या गावाच्या आणि त्याच्या आसपासच्या मुलखाच्या घरांत आवाज पोहोचविणारी यंत्रे कोणत्या वाटेने शिरली व त्यांनी बैठकीचे रूप कसे पालटले, हा विषय त्या मानाने किरकोळ वाटेल. परंतु दहा बाय बारा फुटांच्या खोलीत बेताच्या पैशांत कोणते स्पीकर ठेवावेत असा प्रश्न आज ज्या कुटुंबापुढे उभा राहतो, त्याला दुकानदार वॅटच्या आकड्यांत जे उत्तर देतो त्याहून अधिक विश्वसनीय उत्तर या इतिहासात सापडते, अशी माझी पक्की धारणा आहे.

पवनारला श्रवणाची परंपरा फार जुनी. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटक राजा द्वितीय प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार असे प्रतिपादन केले, आणि १९६७ साली नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी येथे उत्खनन केले. याच प्रवरसेनाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे प्राकृत महाकाव्य परंपरेने सांगितले जाते. रामाने सागर ओलांडल्याची ती कथा. पुढे आश्रमाच्या जमिनीत नांगरट व खोदकाम चालू असता रामकथेतील प्रसंगांची शिल्पे वर आली, त्यांपैकी भरत-रामभेटीचे शिल्प आचार्य विनोबा भावे यांच्या विशेष श्रद्धेचा विषय झाले. जमनालाल बजाजांच्या नदीकाठच्या बंगल्यात विनोबा १९३८ च्या मार्चमध्ये राहावयास आले, तेव्हा त्यांची प्रकृती क्षीण झालेली होती. आणि त्यानंतर अवघ्या अडीच वर्षांनी, १७ ऑक्टोबर १९४० रोजी, वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून त्यांनी याच गावी युद्धविरोधी भाषण केले. देशातील रेडिओ त्या वेळी सर्वस्वी सरकारच्या अमलाखाली होता, त्यामुळे हा आवाज त्या यंत्रातून उमटण्याचा संभव नव्हता. १९५९ साली येथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झाले, आणि तेथील भगिनींच्या नित्य पठणात ईशावास्य, गीताई व विष्णुसहस्रनाम यांचा जो सामुदायिक उच्चार होतो, त्यात एकही अक्षर दुसऱ्या अक्षरात विरघळत नाही. घरगुती नादयंत्राची परीक्षा कशाने करावी, असे मला कोणी विचारले तर मी हेच माप पुढे करीन : आवाज किती मोठा झाला हे नंतर पाहावे, शब्द सुटा ऐकू आला की नाही हे आधी पाहावे.

ध्वनिक्षेपकाने आपल्या देशात प्रथम घरात पाऊल टाकले नाही. तो मैदानातून आला. आज प्रत्येक स्पीकरच्या पोटात जे फिरत्या वेटोळ्याचे तत्त्व काम करते, त्याची व्यवहार्य मांडणी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली केली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत काँग्रेसच्या अधिवेशनांत कर्णे दिसू लागले. हे काम अंगावर घेणारे प्रमुख गृहस्थ म्हणजे मुंबईच्या शिकागो रेडिओ कंपनीचे नानिक मोटवाने. त्या काळातील पुढाऱ्यांच्या छायाचित्रांत मायक्रोफोनच्या कपाळावर त्या कंपनीचे नाव आजही वाचता येते. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, त्या खटल्यात मोटवाने हेही आरोपी होते व पुढे निर्दोष सुटले. सहस्रावधी माणसे उघड्या आकाशाखाली बसलेली असताना शेवटच्या रांगेपर्यंत एका माणसाचे बोलणे नेणे, हे कर्ण्याचे प्रयोजन होते, आणि ते त्याने निष्ठेने पार पाडले. लोखंडी कर्णा गाण्यातला खर्ज टाकून देतो आणि मधला स्वर टोकदार करतो, कारण मैदानात शब्द पोहोचण्यास तेवढेच पुरते. मैदानासाठी योजलेले हे माप पुढे घरात आले, आणि आपल्या बैठकांतील गोंगाटाची कहाणी तेथून सुरू झाली.

घरातील यंत्राचा वंश निराळा होता. रेडिओचे मुंबई केंद्र १९२७ च्या जुलैत सुरू झाले, १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. परंतु वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत होता, आणि मुंबईचा आवाज येथे रात्रीच्या वेळी, तोही हवामानाच्या मर्जीवर, खरखरत येई. १९४८ च्या जुलैत नागपूर केंद्र उघडले, तेव्हा या भागाला आपल्या बोलीच्या जवळचा आणि दिवसाउजेडी ऐकू येणारा रेडिओ प्रथमच मिळाला. संच घेणे हा त्या वेळी मोठ्या खर्चाचा आणि सरकारदरबारी नोंदवावयाचा व्यवहार होता. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यान्वये परवान्याशिवाय रेडिओ बाळगणे हा गुन्हा ठरला होता; टपाल कचेरीत वार्षिक फी भरून परवान्याच्या पुस्तकात नोंद करून घ्यावी लागे, आणि मुदत टळली तर दंड भरावा लागे. ही पद्धत १९८० च्या दशकापर्यंत चालली. कितीतरी घरांत ते पुस्तक शेतीच्या सात-बाराच्या उताऱ्यांबरोबर एकाच दफ्तरात बांधून ठेवलेले असे.

तो संच कसा होता हे जवळून पाहण्यासारखे आहे. सागवानी किंवा प्लायवूडची पेटी, तिच्या दर्शनी बाजूस जाड विणीचे सोनेरी कापड, त्यामागे सहा ते आठ इंचांचा कागदी शंकू, आणि पाठीमागे भोके पाडलेला पुठ्ठा. बटण फिरविल्यावर आत काचेच्या वाल्व्हमधील तंतू तांबडे होईपर्यंत अर्धा-एक मिनिट सगळे स्तब्ध बसत. मग तबकडीचा दिवा उजळे आणि घुमारा आधी येऊन शब्द मागून येई. जेथे वीज नव्हती तेथे नव्वद व्होल्टची कोरडी बॅटरी लागे, आणि ती महाग असल्यामुळे बातम्या व एखादा ठरलेला कार्यक्रम एवढेच ऐकण्याची शिस्त घरात आपोआप पाळली जाई. छपराखाली तांब्याच्या जाळीची पट्टी एरियल म्हणून आडवी ताणलेली असे. या संचाची शक्ती तीन-चार वॅट. आणि तेवढ्यात ओसरी भरून आवाज अंगणातल्या माणसांपर्यंत जाई. आजच्या विक्रेत्याला हे सांगितले तर तो विश्वास ठेवणार नाही, परंतु त्या मोठ्या कागदी शंकूची कार्यक्षमता आणि त्या घराची रचना यांचा हा संयुक्त परिणाम होता.

घराच्या रचनेचा हा मुद्दा लोक सहसा दुर्लक्षितात, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे १८९५ साली एका व्याख्यानगृहातील घुमण्याचा बंदोबस्त करण्याचे काम आले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणाव्या, ऑर्गनची नळी वाजवून थांबवावी, आणि नाद विरण्यास किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजावे, असे प्रयोग कितीतरी रात्री केले. खोलीचे घनफळ जितके अधिक तितका नाद रेंगाळतो आणि नाद शोषणाऱ्या पृष्ठाचे क्षेत्र जितके अधिक तितका तो लवकर विरतो, हा नियम त्याने प्रस्थापित केला. आणि शोषणाचे मूलमान म्हणून त्याने निवडली ती उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला नाद परत येत नाही.

आता हे माप वर्धेकडील दोन घरांना लावून पाहावे. नव्या घरातील सिमेंटचा गिलावा केलेली सपाट भिंत तिच्यावर आपटणाऱ्या नादापैकी शेकडा दोन-तीन भागच शोषून घेते. म्हणजे तीन फूट रुंद व चार फूट उंच अशी एकच उघडी खिडकी सुमारे चारशे चौरस फूट सिमेंटच्या भिंतीइतके काम करते; आणि दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीच्या चारही भिंती मिळून क्षेत्र होते चारशे चाळीस चौरस फूट. जुन्या घरात कुडाच्या किंवा मातीच्या ओबडधोबड भिंती, सारवलेली जमीन, कवेलूंच्या फटी, एका बाजूने सबंध उघडी ओसरी, दोरीवर टाकलेली घोंगडी व गोधड्या, कोपऱ्यात धान्याची पोती आणि ऐकावयास जमलेली माणसे असत. त्या घरात नाद रेंगाळण्यास जागाच नव्हती. म्हणून तीन-चार वॅटच्या पेटीतील निवेदकाचा शब्द तेथे धुतल्या तांदळासारखा स्वच्छ येई.

१ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्राने ग. दि. माडगूळकर यांचे शब्द व सुधीर फडके यांचे संगीत असलेले ‘गीतरामायण’ सुरू केले. वर्षभर चाललेली ती छप्पन्न गीते महाराष्ट्राने रेडिओसमोर हात जोडून ऐकली, आणि ज्या भूमीत रामकथा पाषाणात कोरलेली निघाली त्या भूमीसही पुढे ती याच यंत्रांतून परिचित झाली. १९५६ च्या आरंभी पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे भरविली. गावकऱ्यांनी शेतीचा कार्यक्रम एकत्र ऐकावा आणि मग त्यावर चर्चा करावी, अशी ती योजना होती. वर्धा जिल्हा त्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत मध्य प्रदेशात असल्यामुळे त्या प्रयोगाबाहेर राहिला. त्यानंतर ट्रान्झिस्टर आला, चामडी वेष्टनात घालून शेताच्या बांधावर गेला, आणि ऐकणे ही एकट्याची गोष्ट झाली. त्याचा लहान स्पीकर खर्जाला असमर्थ होता, तरी बोलण्यास प्रामाणिक होता. पुढे १९८८ मध्ये याच रस्त्यावरील बुटीबोरी येथे रेडिओच्या राष्ट्रीय वाहिनीचे एक हजार किलोवॅटचे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले, तेव्हा देशातील अत्यंत बलाढ्य आवाजांपैकी एक पवनारच्या शेजारीच नांदू लागला. ती वाहिनी २०१८ च्या अखेरीस बंद करण्याचा निर्णय झाला.

दरम्यान घरे पालटली होती. कवेलूंच्या जागी स्लॅब आला, सारवणाच्या जागी फरशी आली, ओसरीला ग्रिल व काच लागली. आणि नेमक्या याच काळात, म्हणजे १९८० नंतर, कॅसेटच्या लाटेबरोबर तालुक्यातालुक्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांतून जुळणी केलेले ॲम्प्लिफायर घरोघर गेले. ४४४० क्रमांकाची आयसी, एक ट्रान्सफॉर्मर, पत्र्याचा डबा आणि प्लायवूडच्या दोन पेट्या, एवढ्या सामानात सामान्य माणसाला प्रथमच स्वतःचे ‘डेक’ मिळाले. त्या कारागिरांविषयी मला नितांत आदर आहे. मोठ्या कंपन्यांचा माल परवडत नसता त्यांनी संगीत गरिबाच्या दारी नेले. दोष त्यांच्या हातांचा नव्हता; लग्नमंडपातील कर्ण्याच्या मापाने घरातला स्पीकर जोखणाऱ्या रुचीचा होता. १९९० च्या दशकात तर खोक्यांवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारो वॅटचे आकडे छापले जाऊ लागले, ज्यांचा प्रत्यक्ष शक्तीशी काडीचाही संबंध नसे. खरी गोष्ट अशी की शक्ती दुप्पट केली तर कानास आवाज किंचितच वाढल्यासारखा वाटतो, आणि दुप्पट मोठा वाटावा यासाठी ती सुमारे दसपट करावी लागते. पुढे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा पंचावन्न व रात्री पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा घातली; तो हुकूम सार्वजनिक जागेसाठी असला तरी बैठकीत बसणाऱ्यानेही ध्यानात धरावा असा आहे.

तेव्हा आज पवनारसारख्या गावी किंवा वर्धेच्या एखाद्या लहान घरात ज्यांना स्पीकर घ्यावयाचे आहेत, त्यांना माझे सांगणे असे. पाच स्पीकर आणि एक भला मोठा वूफर असा संच त्याच पैशांत मिळत असला तरी घेऊ नये. तेवढ्या पैशांत सहा पेट्या बनविणाऱ्याने प्रत्येकीत काटकसर केलेलीच असते. दहा फूट अंतराच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत सेकंदास सुमारे छप्पन्न कंपनांचा खर्ज आपोआप साठतो, आणि लांबी, रुंदी व उंची सारखी असेल तर तो तिप्पट जोराने त्याच जागी साचतो. अशा खोलीत वूफर भर घालतो ती गोंधळात. चार-पाच इंची शंकू व वर लहान ट्वीटर असलेल्या दोनच पेट्या आणि खऱ्या वीस-तीस वॅटचा ॲम्प्लिफायर पुरेसा आहे. चांगल्या अवस्थेतील जुना मिळाला तर तोही निःशंकपणे घ्यावा. पेट्या कोनाड्यात कोंबू नयेत, जुन्या रेडिओवर घालीत तसा विणलेला रुमाल त्यांच्या तोंडावर सोडू नये. भिंतीपासून हात-दीड हात पुढे, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, आणि दोहोंतील अंतर आपल्या बैठकीपासूनच्या अंतराइतके, अशी मांडणी करावी. खाली सतरंजी, मागच्या भिंतीला पुस्तकांचे उघडे कपाट, आणि शेजाऱ्यांस उपद्रव होत नसेल तेव्हा खिडकी उघडी. दुकानात जाताना बातम्यांचे किंवा गीताईपठणाचे एखादे ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे, ते अगदी हळू आवाजात लावावयास सांगावे, आणि ज्या जोडीतून प्रत्येक जोडाक्षर सुटे ऐकू येईल ती घरी आणावी.