शेफिल्डचं घरभाडं आणि किंडरचा डोंगर

पुण्यात असताना रविवारी पहाटे सिंहगड पायथ्याची बस पकडायची, गड चढायचा, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही हाणून दुपारपर्यंत घरी यायचं, ही माझी बऱ्याच वर्षांची सवय. त्यामुळे नोकरीसाठी इंग्लंडला जायचं ठरलं, तेव्हा मी घरभाड्याचे आकडे आणि नकाशा शेजारी शेजारी ठेवून बसलो. लंडन खिशाला झेपणारं नव्हतं. केंब्रिजला खिसा भरलेला असता तरी डोंगर नव्हता. शेवटी शेफिल्ड ठरलं. भाडं लंडनच्या कितीतरी खाली, आणि शहराच्या हद्दीतलाच जवळजवळ एकतृतीयांश भाग पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानात. लॉटरीच की! या दोन गोष्टी एकाच शहराच्या वाट्याला कशा आल्या, असा प्रश्न मला वर्षभर पडलासुद्धा नाही.

तो पडला शेजारच्या आजोबांमुळे. सत्तरी ओलांडलेले, उमेदीची वर्षं पोलादाच्या कारखान्यात काढलेले. एका रविवारी बूट चिखलानं माखलेले बघून त्यांनी विचारलं, कुठे गेला होतास? म्हटलं, स्टॅनेजच्या कड्यावर. ते म्हणाले, “माझ्या आजोबांना तिथून हाकलून दिलं होतं.”

शेफिल्ड म्हणजे पोलाद. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समननं इथे मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. १९१३ साली हॅरी ब्रिअर्लीला न गंजणारं पोलाद सापडलं तेही इथेच. आठवडाभर भट्टीचा धूर गिळणाऱ्या कामगारांना शहराच्या पश्चिमेला मोकळं माळरान दिसत असे. दिसत असे, एवढंच. ती जमीन उमराव आणि धनिकांची, आणि राखून ठेवलेली ग्राऊस नावाच्या तित्तिरासारख्या पक्ष्यासाठी. वर्षातले थोडे दिवस मालक आणि त्यांचे पाहुणे त्याची शिकार करत. बाकी दिवस पगारी राखणदार लोकांना पिटाळून लावत.

१८९४ साली शेफिल्डहून होप व्हॅलीतून जाणारी रेल्वे सुरू झाली आणि रविवारच्या सुट्टीत ईडेलपर्यंत पोचणं सोपं झालं. जी. एच. बी. वॉर्ड या कामगारानं १९०० साली किंडर स्काउटभोवतीच्या पायपिटीला माणसं बोलावली. त्यातूनच भटक्यांचा क्लेरियन क्लब उभा राहिला. हे लोक डोंगर चढत आणि जुन्या वाटांवरचे हक्क कागदपत्रांतून शोधून काढत. आपल्याकडे गडावर जाणाऱ्या मंडळींना हे दोन्ही उद्योग परिचित आहेत.

२४ एप्रिल १९३२ रोजी मात्र कागद बाजूला राहिले. मँचेस्टरकडून, हेफिल्ड गावातून, शेकडो तरुण किंडरच्या पठारावर घुसले. पुढे होता वीस वर्षांचा बेनी रॉथमन. शेफिल्डची तुकडी ईडेलच्या बाजूनं चढली. राखणदारांशी झटापट झाली, एकजण जखमी झाला. नुसता बेकायदा प्रवेश हा फौजदारी गुन्हाच नव्हता, म्हणून दंगलीसारखी कलमं लावली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. गंमत म्हणजे भटक्यांच्या अधिकृत संघटनांना हा प्रकार पसंत नव्हता. अशा आततायीपणानं वाटाघाटी बिघडतील, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांच्या वाटाघाटीही तोवर फारशा कुठे पोचल्या नव्हत्या. शिक्षेची बातमी झाली आणि सहानुभूती कैद्यांकडे वळली. १९४९ मध्ये कायदा झाला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं. माळरानावर मोकळेपणी हिंडण्याचा सर्वसाधारण हक्क मात्र २००० सालच्या कायद्यानं दिला.

ही झाली डोंगराची गोष्ट. स्वस्ताईची गोष्ट एवढी अभिमानानं सांगता येत नाही. १९८० साली देशभर पोलाद कामगारांचा तेरा आठवड्यांचा संप झाला, आणि पुढच्या काही वर्षांत इथल्या भट्ट्या एकामागून एक विझल्या. माणसं कामाच्या शोधात बाहेर पडली, घरांना गिऱ्हाईक उरलं नाही. त्या पडक्या भावाच्या घरांत दाटीवाटीनं राहायला आले ते कडे चढणारे तरुण. जेरी मॉफट, बेन मून ही त्यांतली नावं. बेकारभत्त्यावर जगायचं आणि दिवसभर कातळाला लटकायचं. मूननं १९९० मध्ये डर्बीशरमध्ये चढलेला ‘हबल’ हा मार्ग तेव्हा जगातला सर्वांत अवघड मानला गेला. त्याच कड्यांच्या पायथ्याशी अर्धवट घडवलेले गिरणीचे दगड अजून पडून आहेत. तोही एक बुडालेला धंदा. मी कितीदा तरी त्यांवर बसून डबा खाल्ला आहे.

गेल्या वर्षी आमच्याच रस्त्यावरचं एक घर विकायला निघालं. मी घ्यायच्या विचारात होतो, म्हणून आजोबांना किंमत सांगितली. एवढ्यात मिळतंय म्हणजे स्वस्तच, असंही म्हणालो. ते थोडा वेळ त्या घराकडे बघत राहिले. मग म्हणाले, ते त्यांच्या धाकट्या भावाचं होतं. कारखाना बंद पडल्यावर त्यानं मिळेल त्या किमतीला विकलं आणि बायकामुलांना घेऊन दक्षिणेला गेला. किती मिळाले होते, ते आजोबांनी पौंडापर्यंत अचूक सांगितलं.