‘ओल्ड नंबर वन’ची ओळख

एखादी वस्तू ‘तीच’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणत असतो? कचेरीत जुनी दप्तरे हाताळण्यात ज्यांचे दिवस जातात, त्या आम्हांला हा प्रश्न अपरिचित नाही. पुठ्ठा फाटतो, टिपणांचे नवे खंड निघतात, लिहिणारे हात बदलतात. तरीही नोंदींची साखळी अतूट असेल तर फाइल तीच मानली जाते. नेमका हाच प्रश्न १९९० साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढे एका मोटारीच्या निमित्ताने उभा राहिला, आणि त्यावर एक कोटी पौंडांचा व्यवहार अवलंबून होता.

ही मोटार म्हणजे बेंटली कंपनीची ‘स्पीड सिक्स’. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत तिने १९२९ साली वुल्फ बार्नाटो व टिम बर्किन यांच्या हाती, आणि १९३० साली बार्नाटो व ग्लेन किडस्टन यांच्या हाती जिंकली. ‘ओल्ड नंबर वन’ हे तिचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु शर्यतीची मोटार ही देव्हाऱ्यातील मूर्ती नव्हे. प्रत्येक शर्यतीगणिक तिचे भाग बदलत गेले. १९३२ साली तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसविलेले होते. त्याच वर्षी ब्रुकलंड्सच्या शर्यतीत ती उतरत्या धावपट्टीच्या माथ्यावरून पलीकडे कोसळली आणि चालक क्लाइव्ह डनफी प्राणास मुकला. पुढे बार्नाटोने तिची पुनर्बांधणी करून तिला बंदिस्त मोटारीचे रूप दिले.

१९९० साली ती विकण्याचा करार झाला. पण ही खरी ‘ओल्ड नंबर वन’च नव्हे, असे म्हणून खरेदीदाराने माघार घेतली. न्यायमूर्ती ऑटन यांनी एकेका भागाचा माग काढला. १९२९ च्या मोटारीचे निश्चयाने सांगण्याजोगे काहीच उरले नव्हते. १९३० च्या मोटारीचा पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा दांडा एवढेच शिल्लक होते. सांगाडा, आस आणि इंजिन ही सामग्री १९३२ ची.

येथे आम्हांला ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथातील रथाचे स्मरण होते. चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, आणि प्रत्येक वेळी उत्तर ‘नाही’ असे येते. रथ हे नाव या अंगांच्या एकत्र येण्याला आहे.

न्यायालयाचा निर्णयही याच वाटेने गेला. मोटार ‘मूळ’ म्हणता येणार नाही. परंतु ती कधी नाहीशी होऊन पुन्हा जन्मलेली नाही. बदल क्रमाक्रमाने झाले, इतिहास अखंड राहिला आणि या नावावर हक्क सांगणारी दुसरी मोटार अस्तित्वात नाही. म्हणून ती प्रमाण ‘ओल्ड नंबर वन’ होय. निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला.

आम्हांला हा निवाडा न्याय्य वाटतो, तो एका कारणाने. केवळ १९२९ च्या लोखंडालाच खरे मानले, तर १९३२ ची ती जीवघेणी शर्यत या मोटारीच्या चरित्रातून पुसली जाईल. विजय जसा तिचा, तसा तो अपघातही तिचाच. इतिहासाने वस्तूचे सांधे झाकू नयेत. प्रत्येक सांध्यावर त्याचे साल लिहावे. असे केले म्हणजे जुन्या वस्तूची ओळखही टिकते आणि सत्यही.