घरातील अडगळ कशी काढावी?

पाथर्डीत सणापूर्वी घर साफ होते, पण अडगळ उकिरड्यावर जाते किंवा पेटवली जाते. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई आहे.

कपडे : चांगले कपडे धुऊन गरजूंना द्यावेत, उरलेल्यांची गोधडी, पायपुसणी करावीत. विनयपिटकात स्थविर आनंद राजा उदेनाला सांगतात, की जीर्ण चीवराचे शेवटी पायपुसणे होते आणि चिंध्याही चिखलात कालवून जमीन लिंपली जाते.

रद्दी, पत्रा, बाटल्या : कोरड्या ठेवून भंगारवाल्याला द्याव्यात.

ट्यूब, सीएफएल दिवे : यांत पारा असतो, फोडू नयेत. जुने मोबाईल, बॅटऱ्याही ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नयेत.

फुटकी काच, ब्लेड, सॅनिटरी पॅड : जाड कागदात गुंडाळून, लाल खूण करूनच घंटागाडीत द्यावेत.

ही खूण महत्त्वाची आहे, कारण कचरा हाताने वेगळा करणाऱ्या अनेक भगिनी आपल्याच समाजातील आहेत. पुण्यात 1993 मध्ये त्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभारली आणि कामगार म्हणून ओळखपत्रे मिळवली. त्यांचा हात कापणार नाही, एवढी काळजी प्रत्येक घराने घ्यावी.