बार्शी रोड ऊर्फ कुर्डुवाडी : एका स्थानकाचें नांव व त्याचा वृत्तांत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील पत्रें व हिशेबाच्या वह्या लावीत असतां 'बार्शी रोड' हें स्थलनाम पुढें आलें, म्हणजे तें बार्शी शहरच होय असें समजण्याचा मोह पडतो. तो आवरला पाहिजे. बार्शी रोड म्हणजे बार्शी नव्हे. बार्शीपासून सुमारें २१ मैलांवरील, माढें तालुक्यांतील कुर्डुवाडी होय. पत्रलेखक कोठें होता, माल कोठें उतरला, यात्रेकरूनें वाट कोठें बदलली, हे प्रश्न कित्येकदां ह्या एका नांवावर अवलंबून राहतात. म्हणून ह्या स्थानकाचा वृत्तांत येथें थोडक्यांत देत आहें.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा पुण्याहून आग्नेयीकडे जाणारा फांटा दौंड, डिकसळ असा पुढें सरकत इ. स. १८५९ मध्यें येथवर आला व १८६० मध्यें सोलापुरास पोंचला. मार्ग आंखणाऱ्यांनीं बार्शी एका बाजूस टाकली. बार्शी ही त्या वेळीं कापसाची व गळिताच्या धान्याची नांवाजलेली पेठ; निजामाच्या मुलखांतील माल बालाघाट उतरून तेथें येई. असा बाजार सोडून मार्ग गेला, तेव्हां बार्शीची सडक जेथें लोहमार्गास मिळाली त्या ठिकाणास इंग्रज अधिकाऱ्यांनीं 'बार्शी रोड' म्हटलें. जागा मात्र कुर्डू गांवाच्या वाडीची. नांव षष्ठीतत्पुरुष आहे आणि तत्पुरुषांत उत्तरपदास प्राधान्य असतें. म्हणजे नांवाचा मुख्य अर्थ 'रस्ता' हा, बार्शी नव्हे. लोक मात्र पूर्वपद ध्यानांत ठेवतात व उत्तरपद गाळतात. घोटाळा होतो तो तेथें.

पुढें जवळजवळ ३८ वर्षें बार्शी व स्थानक ह्यांमधील दळणवळण बैलगाड्यांवर चाललें. तें बदलण्याचें श्रेय एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज यंत्रज्ञाकडे जातें. हा गृहस्थ १८५७ मध्यें जन्मला, १८८२ मध्यें पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरींत हिंदुस्थानांत आला, आणि बार्शीचा अरुंद लोहमार्ग हा त्याच्या आयुष्याचा ध्यासच होऊन बसला. शेवटीं ती नोकरीहि त्यानें सोडली. १८९५ मध्यें विलायतेंत बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली. १८९६ मध्यें लीड्स शहरानजीक न्यूले येथें रूळ टाकून एंजिनाची व डब्यांची परीक्षा घेण्यांत आली, आणि १८९७ मध्यें बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली.

ह्या मार्गाची रुंदी अडीच फूट. परंतु निव्वळ अरुंदपणा हें त्याचें वैशिष्ट्य नव्हे. त्याहून अरुंद मार्ग इतरत्र होतेच. कॅलथ्रॉपचें खरें तत्त्व असें कीं, एंजिन असो वा मालाचा डबा असो, कोणत्याहि एका आंसावर पांच टनांहून अधिक भार येऊं नये. भार असा सारखा वांटला, म्हणजे वारास ३० पौंड वजनाचे हलके रूळहि पुरतात, आणि तरी गाडीची मालवाहूशक्ति कमी होत नाहीं. लीड्सच्या किट्सन कारखान्यानें केलेल्या एंजिनांस आठ जोडचाकें होतीं, तीं ह्याच कारणानें. ह्याच कॅलथ्रॉपनें उत्तरवयांत विमानांतून उडी घेणारांसाठीं हवाई छत्री तयार केली व तिला 'गार्डियन एंजल' असें नांव दिलें. विषयांतर होतें खरें, पण भार सांभाळून खालीं आणण्याची ही बुद्धि एकाच जातीची दिसते.

थोरल्या मार्गाची रुंदी साडेपांच फूट. त्यामुळें कापसाचा प्रत्येक गठ्ठा कुर्डुवाडीस एका डब्यांतून उतरवून दुसऱ्या डब्यांत चढवावा लागे. व्यापाऱ्यांस हा भुर्दंड. हमाल, मुकादम व कारकून ह्यांस मात्र पोटापाण्याचें साधन. कुर्डुवाडीचें गांवपण कुर्डूच्या शेतीपेक्षां ह्या गैरसोयीवरच अधिक वाढलें, असें माझें मत आहे.

१९०६ मध्यें मार्ग पंढरपुरास गेला, १९०७ मध्यें बार्शीपुढें तडवळ्यास, १९११ मध्यें लातुरास आणि १९२७ मध्यें पंढरपुराहून मिरजेस. एकूण लांबी २०२ मैल भरली. कॅलथ्रॉप त्याच १९२७ सालीं वारला. कागद तपासणारांस ह्या सनांचा मोठा उपयोग आहे. १९०६ पूर्वीच्या पत्रांत कोणी 'कुर्डुवाडीहून गाडीनें पंढरपुरास गेलों' असें लिहिलें असेल, तर ती गाडी बैलांची समजावी. लातुरास आगगाडींतून उतरल्याचा उल्लेख १९११ च्या आधींची मिति घालून आलेला असेल, तर मितीकडे संशयानें पाहावें. अक्षराचें वळण कितीहि जुनें भासो. वारीच्या इतिहासासहि १९०६ हें साल महत्त्वाचें आहे. त्यापूर्वीं आगगाडीनें आलेला वारकरी कुर्डुवाडीस उतरून पुढची मजल पायीं किंवा छकड्यांतून करी. नंतर तो थेट चंद्रभागेच्या गांवीं उतरूं लागला.

१ जानेवारी १९५४ रोजीं सरकारनें हा मार्ग विकत घेतला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तो टप्प्याटप्प्यानें रुंद झाला, आणि मालाची ती चढउतार संपली. ह्या फेरबदलांत लातूरकडील आंखणीहि बदलली आहे. जुन्या मार्गापासून धाराशिव शहर बाजूस राहिलें होतें. नव्या मार्गानें तें जोडलें गेलें. तेव्हां आजचा नकाशा समोर ठेवून जुन्या बिल्टीवरील अंतरें ताडून पाहूं नयेत.

बार्शी, लातूर येथील जुन्या अडत्यांच्या घरीं अशा बिल्ट्या, रसीदबुकें, वेळापत्रकें कोणा संग्राहकाच्या दृष्टीस पडल्यास तीं रद्दी म्हणून टाकूं नयेत. मोडी रुमालांस आपण जो मान देतों तो त्यांसहि द्यावा, कारण माल कोणत्या दिवशीं कोठून कोठें गेला हें तीं बखरीपेक्षां बिनचूक सांगतात. नक्कल करतांना 'बार्शी रोड' हीं अक्षरें मुळांत असतील तशींच ठेवावींत आणि कंसांत कुर्डुवाडी असें लिहावें. 'रोड' हें पद फाजील समजून गाळूं नये.